शेरा

कारा नदीच्या अलीकडे, टोगोच्या उत्तरेला,
होदालोचं घर वरून चकाकतं.
इतकं, की दुपारी घारसुद्धा
त्या छपरावरून जाताना डोळे मिटत असेल.

वरून म्हणजे किती वरून
ते मला सांगता येत नाही.
मी कचेरीतला चौथ्या टेबलाचा कारकून.
मला एवढंच कळवलं होतं
की राजधानीत एक यंत्र बसवलंय,
ते आकाशातून काढलेले फोटो बघतं
आणि गरीब कोण ते ठरवतं.
गवताचं छप्पर : गरीब.
गंजका पत्रा : थांबा, बघू.
नवा पत्रा : अपात्र.

खोटं कशाला बोलू,
पलीकडच्या वस्तीत पैसे तीन मिनिटांत पोचले.
फोन वाजले, बाया हसल्या.
मधल्या मध्ये कुणाच्या हाताला काही चिकटलं नाही,
माझ्यासुद्धा.
पूर्वी चिकटायचं.

होदालोच्या फोनवर मात्र एकच ओळ आली, फ्रेंचमध्ये.
ती ओळ घेऊन ती अकरा किलोमीटर चालत आली.
मी काबियेत सांगितली.
"अपात्र म्हणजे मेलेली का?"
नाही म्हणालो.
जिवंतच. पण अपात्र.

पत्र्यांची गोष्ट मी विचारली नव्हती.
मुलगा लोमेच्या बंदरात गोणी उचलायचा.
एका पावसाच्या तोंडावर त्यानं
कुणाच्या तरी ट्रकवर टाकून चोवीस पत्रे पाठवले,
खिळेसुद्धा मोजून.
दर रविवारी फोन करून विचारायचा, गळतं का गं?
नाही रे, एक थेंब नाही.
मग एका रविवारी फोन दुसऱ्याच कुणीतरी केला.

पत्र्याखाली आता चुकुतूची मडकी आहेत,
बाजार बंद झाल्यापासून पालथी.
एक शेळी.
एक नात, जिचं नाव कुठल्याच यादीत नाही.
"वरच्याला सगळं दिसतं, असं माझी आई म्हणायची,"
होदालो म्हणाली.
"तुमच्या वरच्याला नुसता पत्राच दिसला?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

चार दिवसांनी पाहणीला गेलो
तर बाई छपरावर.
ज्वारीची ताटं अंथरत होती पत्र्यावर,
कडेपासून कडेपर्यंत,
झोपलेल्यावर पांघरूण घालावं तशी.
नात खालून पेंढ्या फेकत होती.
शेजारचा आबालो शिडी धरून उभा,
आणि त्याच्याही छपराला
अर्धी दाढी फुटलेली.

मी ओरडलो,
होदालो, उतर खाली,
ते काही आत्ता बघत नाहीयेत,
फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे!

ती थांबली.
कमरेवर हात ठेवून वर पाहिलं.
हरमट्टानची धूळ. पांढरं आभाळ.
एक पाखरूसुद्धा नाही.

"तीन वर्षांपूर्वी," ती सावकाश म्हणाली,
"तेव्हा तो होता.
मग बरोबर आहे तुमच्या यंत्राचं.
तेव्हा मी गरीब नव्हते."

आबालोनं शिडीवरचा हात काढला नाही.
माझ्या बुटांत धूळ गेली होती,
मी ती झटकत राहिलो, गरज नसताना.

अर्जाच्या तळाशी एक रकाना असतो, शेऱ्याचा.
बोटभर रुंद.
यंत्र तो वाचत नाही, हे मला ठाऊक आहे,
आणि साहेब वाचायचे तेव्हाही
वाचायचे नाहीत.
तरी त्या रात्री मी लिहायला बसलो.
चोवीस पत्रे, लिहिलं.
खिळे मोजून, लिहिलं.
रविवार. पालथी मडकी. नातीचं नाव, तिच्या आजीनं सांगितलं तसं.
मावेना, तेव्हा समासात शिरलो,
समास संपला, पान उलटलं,
पाठीमागे छापलं होतं : येथे काही लिहू नये.
त्यावरच लिहिलं.

उतरताना तिचा पाय घसरला नाही,
हेही लिहिलं.